खबर आणि खातरजमा: चालू यंत्रात डिस्क ओळखण्याचा प्रश्न

चालू सर्व्हरमध्ये डिस्क खोचली, ट्रेवरचा दिवा लागला, डिस्क फिरायला लागल्याचा आवाजही आला. पण यंत्राच्या यादीत तिचं नाव नाही. रीबूट केलं की मात्र ती निमूट हजर. साटा डिस्क आल्या तेव्हापासून ही तक्रार ऐकू येते, आणि पीसीआयईवर चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्कबाबतही ती तशीच आहे. बहुतेक ठिकाणी उपायही ठरलेला: ‘एकदा रीस्टार्ट करून बघा.’ त्यानं काम भागतं, आणि जाता जाता निम्मं निदानही होऊन जातं. रीबूटनंतर डिस्क दिसली, म्हणजे डिस्क ठीक, केबल ठीक, आणि ड्रायव्हरमधला डिस्क ओळखण्याचा, तिला आज्ञा देण्याचा, तिच्यावरून वाचण्याचा भागही ठीक. मग संशय दोनच ठिकाणी उरतो. डिस्क आल्याची खबर ड्रायव्हरपर्यंत पोहोचली नाही, किंवा पोहोचली पण डिस्ककडे बघायला त्यानं भलताच क्षण निवडला.

साटा, एसएएस, यूएसबी, पीसीआयई, आभासी यंत्रं अशा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या माणसांनी या प्रश्नाच्या दुरुस्त्या केल्या आहेत. बहुतेकांना एकमेकांचं काम पाहायचं कारणही नव्हतं. तरी त्या दुरुस्त्या शेजारी ठेवून पाहिल्या की सगळ्या एकाच निष्कर्षाला आलेल्या दिसतात: इंटरप्टनं आणलेल्या खबरेवर थेट कारवाई करू नका, तिच्या निमित्तानं हार्डवेअरची प्रत्यक्ष स्थिती वाचा आणि पुढचं काय ते त्या स्थितीवरून ठरवा. एसटी स्टँडवर गाडी लागल्याची घोषणा ऐकून माणूस उठतो, पण चढतो तो पाटी वाचूनच. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना ही सवय लागायला बरीच वर्षं गेली. पुढची उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत, कारण त्याचा कोड उघडा आहे आणि कोणती दुरुस्ती का झाली हे त्यातल्या टिपांवरूनच कळतं.

जुन्या आयडीई डिस्कना हा प्रश्नच नव्हता. चालू यंत्रात ती केबल काढायची नाही, एवढंच सगळ्यांना शिकवलेलं असे. समांतर स्कझीच्या काळात ८० पिनांच्या कनेक्टरमुळे सर्व्हरमध्ये ट्रे सरकवता येऊ लागला, पण ‘कोणी आलं’ असं स्वतःहून सांगायची सोय त्या बसमध्ये नव्हती. अ‍ॅडमिनला प्रोक फाइलप्रणालीतल्या एका फाइलीत होस्ट, चॅनल, आयडी आणि लन असे चार आकडे लिहून कर्नलला हातानं कळवावं लागे. काम किचकट, पण एका अर्थी निर्धोक. डिस्क नीट बसली आहे, फिरायला लागली आहे, याची खात्री माणसानं केलेली असे आणि मगच तो ते आकडे टाइप करी. हॉट-प्लग, म्हणजे चालू यंत्रातच डिस्क घालण्याकाढण्याची सोय, आल्यावर ही खात्री करून घेण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर आली.

साटाचं पहिलं मानक २००१ सालचं. त्यात चालू यंत्रात डिस्क घालण्याकाढण्याचा विचार कनेक्टरपासून केलेला आहे. पॉवरच्या १५ पट्ट्या सारख्या लांबीच्या नसतात. ग्राउंडच्या काही पट्ट्या पुढे आलेल्या असतात, त्या आधी टेकतात. मग प्रवाहाचा एकदम झटका बसू नये म्हणून ठेवलेल्या प्री-चार्जच्या पट्ट्या, आणि शेवटी उरलेल्या. वीज मिळाली की डिस्क स्वतःहून तारेवर एक ठरावीक संकेत पाठवते, त्याला कॉमइनिट म्हणतात. कंट्रोलरला पहिली खबर मिळते ती याची. डिस्क काढल्यावर मात्र असा कोणताही संकेत येत नाही. लिंक गप्प होते, आणि त्या गप्प होण्यावरूनच डिस्क गेली असं समजायचं असतं. म्हणजे येणारा आवाज देऊन येतो आणि जाणारा न सांगता जातो. बऱ्याच भानगडींचं मूळ या फरकात आहे.

जेफ गार्झिक यांनी लिनक्ससाठी साटाचे ड्रायव्हर ज्या लिबएटीए या लायब्ररीवर उभे केले, तिच्यात सुरुवातीला हॉट-प्लग नव्हतं. ते आलं २००६ मध्ये, कर्नलच्या २.६.१८ या आवृत्तीत, तेजुन हिओ यांनी चूक-हाताळणीचा सगळा भाग नव्यानं लिहिला तेव्हा. त्या फेरलेखनातला एक निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. डिस्क येणं, डिस्क जाणं आणि डिस्क बिघडणं यांसाठी तीन वेगळे रस्ते त्यांनी केलेच नाहीत. काहीही घडलं तरी पोर्ट गोठवायचा, म्हणजे त्याचे इंटरप्ट बंद करायचे, आणि प्रकरण चूक-हाताळणीच्या वेगळ्या थ्रेडकडे सोपवायचं. तो थ्रेड लिंक रीसेट करतो, समोर काय आहे ते नव्यानं पाहतो, आधीच्या माहितीशी ताडून बघतो आणि मग पोर्ट पुन्हा खुला करतो. इंटरप्ट हँडलरमध्ये उभ्या उभ्या निर्णय घेण्याची मुभाच उरत नाही.

आता एएचसीआयचा एक पोर्ट जवळून पाहू. लॅपटॉप असो की घरचा पीसी, साटा कंट्रोलर बहुधा याच मानकाचा असतो. इथे आपल्याला तीन रजिस्टरं पुरेत. एसस्टेटस लिंकची सध्याची स्थिती सांगतं. एसएररमध्ये मधल्या काळात काय काय घडून गेलं त्याच्या खुणा साठतात. तिसरं इंटरप्टच्या कारणांचं. कॉमइनिट आला की एसएररमधला ‘एक्स’ हा बिट उठतो आणि त्याचं प्रतिबिंब म्हणून इंटरप्टच्या रजिस्टरमध्ये ‘पोर्ट जोडणी बदलली’ हा बिट दिसतो. नवा माणूस फसतो तो या प्रतिबिंबाशी. इंटरप्ट पुसायचा म्हणजे त्याच्या बिटावर १ लिहायचा, हे त्यानं इतर ठिकाणी शिकलेलं असतं. इथे तो बिट नुसता वाचायचा आहे, त्यावर काहीही लिहा, तो हलत नाही. मूळ खूण एसएररमध्ये. ती पुसली की प्रतिबिंब आपोआप जातं. हे न कळल्यास तोच इंटरप्ट पुन्हा पुन्हा येत राहतो आणि एक कोअर त्यातच अडकून पडतो. मग कोणीतरी वैतागून तो इंटरप्ट कायमचा बंद करतो. भडिमार थांबतो, यंत्र सुरळीत चालतं, आणि हॉट-प्लग कायमचं मरतं. ‘रीबूट केल्यावर दिसते’ या तक्रारीमागे हा प्रकार निघाला तर मला आश्चर्य वाटत नाही.

दुसरा घोळ क्रमाचा. समजा हँडलरनं आधी एसस्टेटस वाचलं, ‘डिस्क आहे’ असं नोंदवलं आणि मग एसएररच्या खुणा पुसल्या. या दोन ओळींच्या मध्ये कोणी डिस्क ओढली, तर लिंक गप्प झाल्याची खूण उठते आणि लगेच पुसलीही जाते. ड्रायव्हरच्या लेखी डिस्क जागेवरच राहते. क्रम उलटा केला, आधी खुणा पुसल्या आणि मग स्थिती वाचली, तर मधल्या क्षणी काहीही घडलं तरी नवी खूण उठून नवा इंटरप्ट येतो. फार तर एकदा जास्तीचं वाचावं लागतं. दोन ओळींची अदलाबदल, एवढीच ही दुरुस्ती. पण दोष वर्षातून एखाद्या वेळी दिसणारा असल्यामुळे तो कोड वाचूनच सापडतो, चाचणीत सहसा नाही.

एसस्टेटस वाचायला शिकणं अ‍ॅडमिनलाही उपयोगी आहे. कर्नलच्या नोंदींमध्ये लिंक जोडली गेल्याच्या ओळीत एसस्टेटस १३३ असा आकडा दिसतो. तो षोडशमान पद्धतीतला आहे आणि अंक सुटे वाचायचे असतात. शेवटचा ३ म्हणजे डिस्क आहे आणि तिच्याशी संपर्कही जुळला आहे. मधला ३ म्हणजे तिसऱ्या पिढीचा वेग, सेकंदाला ६ गिगाबिट. पहिला १ म्हणजे लिंक जागी आहे. १२३ दिसलं तर वेग ३ गिगाबिटवर आलेला, ११३ दिसलं तर दीडवर. नव्या डिस्कला असा आकडा आला की केबल किंवा बॅकप्लेन तपासावं. शेवटचा अंक ० म्हणजे कोणी नाही. आणि तो १ असेल तर पलीकडे कोणीतरी आहे पण बोलणं जमत नाही. ही सर्वांत त्रासदायक अवस्था, कारण डिस्क अर्धवट बसली असली तरी ही दिसते आणि ती निरोगी असून नुकती जागी होत असली तरीही हीच दिसते.

यातूनच डिबाउन्सचा मुद्दा येतो. हातानं खोचलेला कनेक्टर एका क्षणात टेकत नाही. काही मिलिसेकंद तो टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. लिबएटीए हॉट-प्लगच्या वेळी दर २५ मिलिसेकंदांनी एसस्टेटसचा शेवटचा अंक वाचते. तो सलग ५०० मिलिसेकंद बदलला नाही तरच स्थिर धरते, आणि या सगळ्याला २ सेकंदांची मुदत देते. यंत्र सुरू होताना डिस्क आधीच बसलेली असते, म्हणून तेव्हाचे आकडे ५ आणि १०० मिलिसेकंद इतके कमी. शिवाय तो अंक १ वर स्थिर असेल तर मुदत संपेपर्यंत त्याला स्थिर मानलंच जात नाही, न जाणो अजून ३ होईल. अवघ्या काही ओळींचं हे फंक्शन आहे, पण प्रत्यक्ष हातांनी डिस्का खोचून पाहिलेल्या माणसानं ते लिहिलंय हे लगेच कळतं.

अशा थांबण्यात आणि सरसकट ‘एक सेकंद झोप’ घालण्यात फरक आहे. स्टोरेज ड्रायव्हरांत हॉट-प्लगची तक्रार आली की सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे कुठेतरी वाट पाहण्याची एक ओळ घालणं. ज्या डिस्कवर तक्रार आली तिच्यावर ती चालते, पुढच्या मॉडेलवर पुन्हा अपुरी पडते, आणि तोवर प्रत्येक यंत्राचा प्रत्येक बूट तेवढा लांबतो. लिनक्सच्या यूएसबी स्टोरेज ड्रायव्हरमध्ये डिस्क सापडल्यावर ती वापरायला घेण्याआधी पूर्वी ५ सेकंद थांबत. ते पुढे १ सेकंदावर आणलं गेलं. लिबएटीएच्या रीसेटच्या मुदती त्या मानानं प्रांजळ आहेत: १० सेकंद, पुन्हा १०, मग ३५, आणि शेवटची संधी ५ सेकंदांची. शेजारच्या टिपेत कारण दिलेलं आहे. बहुतेक डिस्का पहिल्या १० सेकंदांत फिरायला लागतात, जवळजवळ सगळ्या २० मध्ये, आणि राहिलेल्या हट्टी डिस्कांसाठी मोठी सवड. मुदत किती हे महत्त्वाचं, पण ती कशावरून ठरवली हे लिहून ठेवणं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. टीप नसलेल्या ‘झोपे’ला पुढची वीस वर्षं कोणी हात लावत नाही.

रीसेट चालू असतानाच कोणी डिस्क बदलली तर? पोर्ट गोठवलेला असतो, इंटरप्ट बंद असतात, म्हणजे खबर मिळायची वाटच नाही. लिबएटीएचा इलाज साधा आहे. रीसेट संपल्यावर दोन गोष्टी एकमेकींशी ताडायच्या: लिंक जोडलेली आहे का, आणि डिस्कचा प्रकार ओळखू आला का. लिंक आहे पण पलीकडे कोण ते कळलं नाही, किंवा डिस्क ओळखली पण लिंकच नाही, असं विसंगत उत्तर आलं तर मधल्या काळात काहीतरी घडलं असं धरून पुन्हा पहिल्यापासून. डिस्क जुनीच आहे असं वाटलं तरी मॉडेल आणि अनुक्रमांक ताडून पाहिले जातात. खबर चुकली तरी स्थितीतली विसंगती चुकत नाही, या भरवशावर हे सगळं उभं आहे.

एवढं सगळं जमल्यानंतर हॉट-प्लग पुन्हा बिघडलं, ते वीज वाचवण्यापायी. साटाची लिंक रिकामी असली की डुलकी घेऊ शकते. हलकी किंवा गाढ. लॅपटॉपच्या बॅटरीला याचा मोठा फायदा होतो, कारण लिंक झोपल्याशिवाय प्रोसेसरला आपल्या खोल विश्रांतीत जाता येत नाही. अडचण अशी की डिस्क गेल्याची ओळख लिंक गप्प होण्यावरून होते, आणि झोपलेली लिंक आधीच गप्प असते. झोपेत आणि जाण्यात फरक कळेना, म्हणून ड्रायव्हर या धोरणाखाली लिंकच्या चढउताराच्या इंटरप्टकडे दुर्लक्ष करू लागला. काढलेली डिस्क मग तिच्याकडे जाणारी पुढची आज्ञा अडकेपर्यंत कळत नाही, आणि स्कझी थरात आज्ञेची नेहमीची मुदत ३० सेकंद असते. रिकाम्या पोर्टची कथा आणखी वाईट. काटकसरीच्या धोरणात बूटच्या वेळी रिकामा सापडलेला पोर्ट थेट बंदच केला जातो. पुढे त्यात डिस्क खोचली तर ती कॉमइनिट पाठवते, पण ऐकायला पलीकडे कोणी जागं नसतं. लेखाच्या सुरुवातीची तक्रार इथे अगदी तंतोतंत बसते, आणि ड्रायव्हरमध्ये तर काहीच ‘चुकलेलं’ नसतं!

हे आधीही लोकांना ठाऊक होतं. फ्रीबीएसडीच्या एएचसीआय ड्रायव्हरच्या मॅन्युअलात स्पष्ट म्हटलं आहे की लिंकची वीजबचत चालू केली तर डिस्क घातल्यावर हातानं रीस्कॅन करावं लागू शकतं. पण बचत चालू करणं वापरणाऱ्याच्या हातात होतं तोवर ही तळटीप पुरत होती. २०१८ मध्ये फेडोरा २८ नं लॅपटॉपांसाठी मध्यम काटकसर आपसूक चालू केली. पुढे हे धोरण लॅपटॉपांच्या चिपसेटपुरतं न राहता पसरत गेलं, आणि २०२४ मध्ये लिनक्समध्ये सरळ वाटणी झाली: फर्मवेअरनं जो पोर्ट ‘बाहेरचा’ किंवा ‘हॉट-प्लग होणारा’ म्हणून नोंदवला असेल, त्याला वीजबचत लावायची नाही. दोन्ही एकत्र मिळणार नाहीत हे मान्य करून निवड पोर्टपोर्टवर सोडली.

मला हा निर्णय पटतो, पण त्याचा सगळा भार फर्मवेअर लिहिणाऱ्यांवर पडतो आणि तिथली शिस्त यथातथाच आहे. डेस्कटॉपच्या कित्येक मदरबोर्डांवर हॉट-प्लग ही बायोसमधली पोर्टवार सेटिंग असते आणि मुळात ती बंद असते. उलट काही ठिकाणी आतल्या पोर्टलाही बाहेरचा म्हणून नोंदवलेलं असतं. विंडोजमध्ये याचा गमतीदार परिणाम दिसतो. ‘हार्डवेअर सुरक्षितपणे काढा’ या यादीत स्वतः विंडोज ज्या डिस्कवर आहे तीच हजर! त्यासाठी मायक्रोसॉफ्टला आपल्या ड्रायव्हरमध्ये अमुक पोर्ट आतला समजा असं सांगायची रजिस्ट्री नोंद ठेवावी लागली. लिनक्सवर अशा चुकीच्या नोंदीची किंमत बॅटरीत मोजावी लागते.

एसएएस आणि यूएसबी यांच्याकडे हा प्रश्न त्या मानानं कमी चिघळला, कारण ‘खबर अपुरी असते’ हे त्यांच्या रचनेतच धरलेलं आहे. एसएएसचा एक्स्पांडर नुसतं ‘काहीतरी बदललं’ एवढंच सगळ्यांना पुकारतो. काय बदललं हे प्रत्येक फायला, म्हणजे त्याच्यावरच्या प्रत्येक जोडणीला, विचारून शोधणं कंट्रोलरचं काम. यूएसबीचा हब कोणत्या पोर्टवर बदल झाला ते सांगतो, पण त्या पोर्टची स्थिती स्वतंत्र विचारावी लागते आणि जोडणी १०० मिलिसेकंद स्थिर राहिल्याशिवाय पुढे जायचं नाही हे मानकातच आहे.

एनव्हीएमई डिस्क पीसीआयईवर बसते, तिथे मात्र गुंता भरपूर. पीसीआयईच्या हॉट-प्लगची मूळ कल्पना सर्व्हरमध्ये कार्ड बदलणाऱ्या शिस्तशीर माणसाची होती. त्यानं स्लॉटजवळचं बटण दाबायचं, दिवा ५ सेकंद लुकलुकणार, विचार बदलला तर तेवढ्यात पुन्हा बटण दाबून रद्द करायचं, नाहीतर वीज बंद होणार आणि मग कार्ड काढायचं. डिस्कच्या ट्रेला असलं काही नसतं. माणूस खटका दाबतो आणि ओढतो. स्लॉटकडून दोन स्वतंत्र खबरा येतात, ‘जागेवर कोणी आहे की नाही ते बदललं’ आणि ‘लिंकची स्थिती बदलली’, आणि त्या कोणत्या क्रमानं येतील याचा नेम नसतो. लिनक्सचा जुना कोड प्रत्येक खबरेवर वेगळी कारवाई रांगेत लावी. डिस्क भराभर काढघाल केली की रांगेतल्या कारवाया आणि प्रत्यक्ष स्थिती यांची फारकत होई.

२०१८ मध्ये, ४.१९ या आवृत्तीत, लुकास वुन्नर यांनी हा भाग मुळापासून बदलला. आता खबरा नुसत्या गोळा होतात. दोहोंपैकी कोणतीही आली की, स्लॉट चालू असेल तर आधी बंद केला जातो, आणि मग कोणी आहे का, लिंक आहे का, हे नव्यानं वाचून दोहोंपैकी एक जरी खरं असलं तरी पुन्हा चालू केला जातो. स्लॉट आत्ता भरलेला दिसत असला तरी तेच कार्ड असेल असं मानता येत नाही, असं तिथल्या टिपेत लिहिलं आहे. लिबएटीएमधल्या बारा वर्षांपूर्वीच्या निर्णयाचीच ही दुसरी आवृत्ती, आणि इतका काळ ती इकडे आली नाही याचं नवल वाटतं.

एनव्हीएमईच्या आत, एकाच डिस्कवरच्या नेमस्पेसांबाबतही, म्हणजे तिच्या स्वतंत्र भागांबाबतही, हाच धडा आहे. नेमस्पेस बदलल्या की कंट्रोलर सूचना पाठवतो आणि बदललेल्यांची यादी एका लॉगमध्ये ठेवतो. यादीत १०२४ नोंदी मावतात. त्याहून जास्त बदल झाले तर पहिल्या जागी सगळे एक भरलेला आकडा घालून ‘आता सगळंच तपासा’ असं कळवलं जातं. लिनक्सचा ड्रायव्हर हा लॉग वाचतो, पण फक्त सूचना पुसली जावी म्हणून. यादीवर तो विसंबत नाही. वापरणाऱ्याच्या एखाद्या प्रोग्रामनं तोच लॉग आधी वाचून टाकला असेल तर बदल निसटतील, म्हणून तो दर वेळी सगळ्या नेमस्पेसा पुन्हा पाहतो. हार्डवेअरनं तयार यादी हातात दिली असताना ती बाजूला ठेवणं आधी उधळपट्टी वाटतं. पण निसटलेल्या नेमस्पेसचा शोध घ्यायला माणसाचे जे दिवस जातात त्यापुढे हे स्कॅन काहीच नाही.

आभासी यंत्रांत कनेक्टर नाही, थरथर नाही, तरी खबर हरवते. व्हर्टिओ-स्कझीमध्ये होस्ट पाहुण्या यंत्राला घटनांच्या रांगेतून कळवतो. रांगेत जागा नसेल तर घटना गळते, आणि पुढच्या घटनेवर ‘मधल्या काही चुकल्या’ असा शिक्का बसतो. तो दिसला की ड्रायव्हरनं सगळं पुन्हा तपासायचं असतं. लिनक्सनं आधी फक्त नव्या डिस्का शोधण्याची सोय केली. गेलेल्या डिस्का शोधून काढून टाकण्याचा भाग पुष्कळ नंतर आला. हायपर-व्हीचा ड्रायव्हर नव्याच्या शोधाला निघण्याआधी ओळखीच्या प्रत्येक डिस्कला ‘तयार आहेस का’ असं विचारून घेतो. जुन्या मेलेल्या नोंदींच्या जागी नवी डिस्क बसली की किती गोंधळ होतो, हे अनुभवल्याशिवाय कोणी ही ओळ लिहिणार नाही.

कारण अवघड बाजू डिस्क जाण्याचीच आहे. येणाऱ्या डिस्कवर अजून कोणी विसंबलेलं नसतं. जाणाऱ्या डिस्ककडे अर्धवट आज्ञा असतात, तिच्यावर फाइलप्रणाली माउंट असते, एखाद्या प्रोग्रामनं ती उघडून ठेवलेली असते. पीसीआयईवरून गेलेल्या डिस्कचं कोणतंही रजिस्टर वाचलं तर सगळे बिट १ येतात. ड्रायव्हरनं हे ओळखलं नाही तर तो त्यालाच खरी स्थिती समजतो: सगळे दोष एकाच वेळी झालेत, सगळी कामं एकाच वेळी पूर्ण झालीत! म्हणून नीट लिहिलेला ड्रायव्हर महत्त्वाच्या प्रत्येक वाचनानंतर आधी हीच शंका घेतो. साटा डिस्क ओढली की कर्नलच्या नोंदींत हमखास एक विनोदी ओळ येते, कॅश डिस्कवर उतरवता आली नाही अशी तक्रार. डिस्क गेली हे कळल्यावर तिची नोंद काढताना कर्नल शिष्टाचार म्हणून तिला शेवटची आज्ञा पाठवतो, ती ही.

वरच्या थरांनी डिस्कला धरून ठेवलं तर जुनं नाव मोकळं होत नाही, आणि तीच डिस्क परत खोचली की एसडीबीची एसडीसी होते. लोक याला शोध चुकला म्हणतात. शोध बरोबरच झालेला असतो. जुनी नोंद सोडायला कोणी तयार नसतं. यावर ड्रायव्हरमध्ये उपाय नाही. नावावर विसंबू नका, डिस्कच्या अनुक्रमांकावरून किंवा फाइलप्रणालीच्या यूयूआयडीवरून माउंट करा, हे आता बहुतेक वितरणांचं धोरण आहे.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी त्याच्या बाहेरची तीन कारणं पाहून घ्यावीत. एक, वीज वाचवणाऱ्या एखाद्या टूलनं आख्खा कंट्रोलरच झोपवला आहे का. झोपलेला कंट्रोलर बहुधा खबर देत नाही. दोन, बायोसमधली ती पोर्टवार सेटिंग. तीन, पॉवर कनेक्टरची तिसरी पट्टी. साटाच्या ३.३ मानकानं त्या पट्टीला डिस्कची वीज तोडण्याचं काम दिलं. जुन्या पॉवर सप्लायमध्ये मात्र तिच्यावर ३.३ व्होल्ट कायम असतात, त्यामुळे काही नव्या डिस्का अशा यंत्रात फिरतच नाहीत, आणि लोक त्या पट्टीवर टेपचा तुकडा चिकटवून काम चालवतात. पण अशी डिस्क रीबूट केल्यावरही दिसत नाही, म्हणून ती चटकन वेगळी काढता येते. तिन्ही ठीक असतील तर स्कझी होस्टच्या स्कॅन फाइलीत तीन डॅश लिहून हातानं स्कॅन करून पाहावं. त्यानं डिस्क दिसली तर खबरेचा रस्ता तुटलेला आहे. नाही दिसली आणि एसस्टेटसचा शेवटचा अंक ० असेल, तर विजेचा संशय घ्यावा.

हे दोष इतकी वर्षं टिकले याचं एक कारण चाचणीत आहे. आभासी यंत्रं चालवणाऱ्या क्यूईएमयूमध्ये व्हर्टिओ डिस्क चालू यंत्रात घालता-काढता येते, पण त्याचा आभासी एएचसीआय कंट्रोलर चालू यंत्रात डिस्क जोडून घेत नाही. ही बस हॉट-प्लगला आधार देत नाही असं सांगून मोकळा होतो. म्हणजे ज्या ड्रायव्हरवर लिनक्समधले बहुतेक साटा पोर्ट चालतात, त्याचा हाच भाग सर्वांत सोयीच्या साधनानं तपासता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये साटा पोर्टला तशी खूण करून हॉट-प्लग करता येतं, पण तिथेही कनेक्टरची थरथर नाही आणि फिरायला दहा सेकंद घेणारी डिस्कही नाही. शेवटी खऱ्या यंत्रापुढे एक माणूस बसतो आणि हातानं डिस्का ओढतो. तोही सवयीनं नीटच ओढतो: सरळ, एका दमात, मागचं काम संपल्यावर. अर्धवट बसवून पाव सेकंदात पुन्हा ओढणं, रीसेट चालू असताना डिस्क बदलणं, यंत्र झोपलेलं असताना एका डिस्कच्या जागी त्याच मॉडेलची दुसरी ठेवणं, हे कोणी ठरवून करत नाही. यातला शेवटचा प्रसंग पीसीआयईच्या ड्रायव्हरनं २०२४ मध्ये हाताळायला घेतला. यंत्र जागं झालं की तो डिस्कचे ओळखक्रमांक आणि तिनं दिला असेल तर अनुक्रमांक ताडून पाहतो. अनुक्रमांक देणं डिस्कवर सक्तीचं नाही. तो नसेल तर त्याच मॉडेलच्या दोन डिस्कांमधला फरक त्या थराला आजही कळत नाही.